बारीक अंगाचा रशियन घडीचा चाकू: घेण्यापासून सांभाळण्यापर्यंत

मॉस्कोत चार वर्षं नोकरी केली. परतताना सगळे आणतात तशा मात्र्योश्का बाहुल्या आणल्याच, पण बॅगेच्या तळाशी मोज्यात गुंडाळून एक चाकूही आणला. मिटलेला असला की बॉलपेनपेक्षा थोडा रुंद, आणि माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यापेक्षा हलका. घरी पहिला प्रश्न आला, "एवढे पैसे चाकूला?" पुढची दोन वर्षं पुण्यातल्या मित्रांचे फोन आले: कुठून घेतलास, आणता येतो का, पोलीस धरतात का, धार कोण लावून देतं? तीच उत्तरं इथे क्रमाने लिहितो. माझे पहिले काही हजार रुपये चुकांत गेले, तुमचे जाऊ नयेत.

१. आधी कुठला हवा ते ठरवा

रशियन घडीचा चाकू म्हणजे एकच जात नव्हे. ढोबळ तीन थर आहेत.

पहिला थर जुन्या गावांचा. निझ्नी नोवगोरोद प्रांतात ओका नदीवरचं पाव्लोवो आणि जवळचं वोर्स्मा ही चाकू-कुलपांची जुनी गावं. वोर्स्माच्या झाव्यालोव घराण्याचे चाकू १९व्या शतकात थेट झारच्या दरबारात पोचले होते. आजही तिथे छोट्या कार्यशाळा भरपूर आहेत. त्यांचे साधे घडीचे चाकू स्वस्त असतात, मूठ लाकडी, काम दणकट. नवख्याने इथून सुरुवात केली तर काही बिघडत नाही.

दुसरा थर आधुनिक, महागडा. यात सगळ्यात जास्त घेतलं जाणारं नाव म्हणजे इगोर आणि सर्गेई या शिरोगोरोव बंधूंची कार्यशाळा. टायटॅनियमची मूठ, पात्याच्या मुळाशी बेअरिंग, बोटाने ढकलताच लोण्यासारखं उघडणारं पातं. त्यांच्या 'एफ९५' या नावातले ९५ म्हणजे पात्याची मिलिमीटरमधली लांबी. 'निऑन' हे त्यांचं सडपातळ मॉडेल. माझ्याकडे तेच आहे, म्हणून या लेखात बहुतेक उदाहरणं त्याची येतील. किंमत शेकडो डॉलरमध्ये, आणि मर्यादित आवृत्त्या त्याच्या कितीतरी वर.

तिसरा थर म्हणजे रेखाटन रशियन माणसाचं, कारखाना दुसऱ्या देशातला. यात कमीपणा काही नाही. फक्त विकणाऱ्याने ते सरळ सांगितलं पाहिजे.

सडपातळच का? खिशात ठेवल्यावर खुर्चीत बसताना टोचत नाही हे खरं कारण. जाडजूड चाकू कपाटात राहतो, बारीक रोज सोबत येतो. पण बारीक अंगाची किंमत असते. मुठीत जागा कमी, म्हणून सांधा (पातं ज्याभोवती फिरतं तो), चाप (उघडलेलं पातं अडकवून धरणारा), बेअरिंग सगळं कमी मापात बसवावं लागतं आणि चूक लपवायला जागाच उरत नाही. असा चाकू पारखायचा तर पातं नंतर बघा, आधी सांधा बघा.

२. पोलादाचं नाव वाचायला शिका

पात्यावर कोरलेली अक्षरं वाचता आली तर निम्मी फसवणूक टळते. रशियन गंजरोधक पोलादांच्या नावातच त्यांची पत्रिका असते. '९५ख१८' घ्या. पात्यावर ते रशियन 'ख' अक्षर इंग्रजी एक्ससारखं दिसतं. पहिले दोन आकडे कार्बनचे, टक्क्याच्या शंभराव्या भागात, म्हणजे ०.९५ टक्के. 'ख' म्हणजे क्रोमियम, आणि पुढचे १८ म्हणजे त्याचे टक्के. तसंच '६५ख१३' म्हणजे ०.६५ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम: मऊसर, धार लवकर जाते, पण घरच्या निसण्यावर पाच मिनिटांत परत येते.

'ख१२मफ' दिसलं तर थांबा. सुरुवातीला आकडा नाही, कारण कार्बन एक टक्क्याच्या वर, दीड टक्क्याच्या आसपास. 'म' मॉलिब्डेनम, 'फ' व्हॅनेडियम. धार फार टिकते, पण हे पोलाद पूर्ण गंजरोधक नाही. रत्नागिरी-मालवणकडे राहत असाल तर जून ते सप्टेंबर ते रोज पुसायची तयारी ठेवा. कैरी किंवा लिंबू चिरून तसंच ठेवलंत तर तासाभरात पातं करडं पडतं.

महागड्या रशियन चाकूंत परदेशी पूड-पोलादं, म्हणजे धातूच्या पुडीपासून बनवलेली पोलादं असतात. ऑस्ट्रियाचं एम३९० (सुमारे २० टक्के क्रोमियम, ४ टक्के व्हॅनेडियम), स्वीडनचं एलमॅक्स, आणि स्वीडनचंच व्हॅनॅक्स, ज्यात कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतो. गंजाला व्हॅनॅक्स फार चांगलं तोंड देतं. समुद्रकाठच्या माणसाने परवडत असेल तर तेच घ्यावं, असं माझं मत.

३. कायदा: खरेदीच्या आधी, नंतर नाही

मी वकील नाही, पण जे वाचून घेतलं ते असं. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून. माझ्या चाकूचं साडेतीन इंची पातं या मापाच्या बरंच आत आहे.

म्हणून तो खिशात घालून कुठेही फिरा असं मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, आणि त्यात चाकू, काठी सगळं येतं. सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी असते. ती वाचायची सवय लावा. दिल्लीत तर १९८० ची स्वतंत्र अधिसूचना आहे: खटक्याने, बटणाने किंवा तशा यांत्रिक युक्तीने उघडणारा, ७.६२ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद पात्याचा चाकू बनवायला, विकायला, विक्रीसाठी बाळगायला मनाई. फ्लिपरचा चाकू (पात्याच्या बुडाची छोटी शेपटी बोटाने ढकलून उघडायचा) खटक्याचा नसतो, पण नाक्यावरच्या हवालदाराला हा फरक समजावत बसायची वेळ आणू नका. दिल्लीला जाताना मी घरीच ठेवतो.

खुद्द रशियात बटणाने आपोआप उघडणाऱ्या चाकवांचं पातं ९० मिलिमीटरहून लांब असेल तर त्यांना बंदी आहे. तिथे दुकानातून घेतलेल्या चाकूसोबत एक कागद मिळतो, 'इन्फर्मात्सिओन्नी लिस्तोक'. चाचणी होऊन हा चाकू घरगुती वापराचा ठरला, शस्त्र नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा कागद सोन्यासारखा जपा. त्याची झेरॉक्स माझ्या पाकिटात असते.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी दोन ओळी. ब्रिटनमध्ये पातं अडकवून धरणारा, म्हणजे चाप असलेला चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा आहे, पातं कितीही छोटं असो. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि चाप लागणारा चाकू सोबत घेऊन फिरण्यावर बंधन आहे. आपला चाकू नेमका या दोन्हींत बसतो. तिकडे तो घरातच राहू द्या.

४. खरेदी, आणि नकली मालाचं जंजाळ

मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं. त्यामुळे भारतातलं कार्ड तिथल्या दुकानात चालत नाही. मॉस्कोला जाणार असाल तर रोकड न्या. तिथे 'क्लिनोक' नावाचं चाकूंचं प्रदर्शन भरतं. क्लिनोक म्हणजे पातं. माझा तिथलाच. टेबलावर शंभर चाकू मांडलेले असतात, हातात घेऊन बघू देतात, आणि विकणारा बहुतेक वेळा बनवणाराच असतो. भाषा येत नसली तरी 'ल्युफ्त' हा एक शब्द पाठ करा. ल्युफ्त म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, आपल्या वर्कशॉपच्या भाषेत 'प्ले'. पातं हलवून "ल्युफ्त?" असं विचारलंत की समोरचा तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून गंभीरपणे घेतो.

इथे बसून घ्यायचा असेल तर इतर देशांतले विक्रेते किंवा जुना माल विकणारे संग्राहक. आणि इथेच सापळा आहे. शिरोगोरोवच्या चाकवांच्या नकला चीनमध्ये ढिगाने निघतात. खोका, खूण, पोलादाचं नाव, सगळं हुबेहूब. माझा पहिला 'निऑन' असाच होता. दहापट स्वस्त मिळाला म्हणून मीच माझी पाठ थोपटली होती. आठवड्याभरात चापाच्या टोकाला पोलादाने खाचा पाडल्या, आणि 'एम३९०' लिहिलेल्या पात्याला न्हाणीघरातल्या ओलाव्याने तांबडे ठिपके आले.

नकली ओळखायला खूण बघू नका, खूण सगळ्यात आधी चोरली जाते. हे बघा: मुठीच्या आतल्या बाजूला, जिथे बोट जात नाही, तिथेही कडा गोल केलेल्या आहेत का? स्क्रूच्या खाचा स्वच्छ आहेत का? पात्याचा उतार दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर संपतो का? आणि विक्रेत्याला आतल्या बेअरिंगचा फोटो मागा. शिरोगोरोवच्या बहुपदरी बेअरिंगमध्ये गोळ्या एकाच वर्तुळात नसतात, मध्यापासून वेगवेगळ्या अंतरावर बसवलेल्या असतात. सगळ्या एकाच चाकोरीतून फिरत नाहीत, म्हणून झीज वाटली जाते. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलूच नका.

हाताशी ठेवायचे कागद: खरेदीची पावती, तो रशियन चाचणीचा कागद, खोक्यावरचा आणि पात्यावरचा क्रमांक (असेल तर) दिसेल असा फोटो. विमानात चाकू कायम चेक-इन बॅगेत. केबिन बॅगेच्या आतल्या कप्प्यात विसरलेले चाकू सुरक्षा तपासणीत जमा होतात आणि परत मिळत नाहीत. पोस्टाने मागवला तर कस्टममध्ये अडकू शकतो. पार्सलवर '८२११' हे चाकवांचं शुल्क-शीर्षक आणि खरी किंमत असू द्या. 'भेटवस्तू, दहा डॉलर' लिहायला लावणं ही हुशारी अंगाशी येते.

५. हातात आल्यावर पाच मिनिटांची तपासणी

माझी आजी बाजारात अडकित्ता घेताना सुपारी मागायची नाही. एक मूठ धरून तो हलवायची. खुळखुळला की दुकानदाराच्या पुढ्यात. चाकूला हीच परीक्षा.

पातं उघडा, चाप लागू द्या. पात्याचं मधलं अंग चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. बाजूला किंचित हललं तर सांध्याचा स्क्रू आवळून सुटतं. वर-खाली हललं तर दोष चापात आहे, परत करा.

आता मिटवा आणि टोकाकडून उजेडात धरा. मुठीच्या दोन पाळ्यांच्या बरोबर मधोमध पातं दिसलं पाहिजे. मग पातं खाली येईल असं धरून झटका द्या. उघडता कामा नये. मिटलेलं पातं जागेवर धरून ठेवणारी एक बारीक गोळी चापाच्या आतल्या बाजूला बसवलेली असते, तिला डिटेंट म्हणतात. ती ढिली असेल तर पातं खिशात उघडेल, फार घट्ट असेल तर बोट दुखेल.

शेवटी चाप. टायटॅनियमच्या मुठीचाच एक काप आत सरकून पात्याच्या बुडाशी टेकतो. बुडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत तो आत गेलेला असावा. जेमतेम कडेला टेकला असेल तर धोका, पार दुसऱ्या टोकाला गेला असेल तर चाकू झिजलेला आहे.

मिटवताना चाप अडकतो, चिकटल्यासारखा वाटतो? टायटॅनियम पोलादाला घासलं की असं होतं. पात्याच्या बुडावर, चाप टेकतो तेवढ्याच जागी, शिसपेन्सिल चार वेळा फिरवा. ग्राफाइटने चिकटपणा जातो. यासाठी एका मित्राने चाकू कुरिअरने परत पाठवायची तयारी केली होती.

६. पहिला महिना: खोलू नका

नव्या चाकूचा सांधा थोडा खरखरतो. तो बसायला वेळ लागतो. संध्याकाळी बातम्या बघताना पन्नासेकदा उघडा, मिटवा. तर्जनी फ्लिपरच्या त्या छोट्या शेपटीवर, आणि बाकीची बोटं चापावर दाबलेली नकोत. चापावर दाब आला की डिटेंट घट्ट होतो, पातं अडतं, आणि माणूस चाकूला नावं ठेवतो. मिटवताना चाप सोडला की चांगल्या सांध्याचं पातं स्वतःच्या वजनाने खाली येतं. त्या वाटेत अंगठा ठेवू नका. पहिल्या आठवड्यात माझ्या अंगठ्याला दोन चिकटपट्ट्या होत्या.

दोन आठवड्यांत आवाज बदलतो. आधी 'खर्र-टक', मग नुसतं 'टक'. त्यासाठीच हे पैसे दिलेले असतात.

या काळात खोलून बघायची हुक्की येते. दाबा. मी नाही दाबली. मॉस्कोतल्या भाड्याच्या खोलीत, जाड गालिच्यावर बसून मी सांधा उघडला. बेअरिंग उचलताना एक गोळी निसटली, मोहरीएवढी. गालिचा झाडला, चुंबक फिरवला, काही नाही, कारण गोळी सिरॅमिकची होती आणि सिरॅमिकला चुंबक ओढत नाही. तिसऱ्या दिवशी अनवाणी पायाला सापडली.

७. साफसफाई, खरंच लागेल तेव्हा

खिशातला कापसाचा भुगा सांध्यात जातो. वर्षातून एक-दोनदा खोलणं पुरे, बाकी वेळी हवा मारायच्या रबरी फुग्याने काम भागतं. साहित्य असं: चांगल्या पोलादाचे, चांदणीच्या आकाराच्या टोकाचे टी६ आणि टी८ टॉर्क्स पेचकस (स्वस्त पेचकसाने स्क्रूचं डोकं गोल होतं), आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानाचे बड्स, पांढरी थाळी आणि शिलाई मशीनचं तेल. काही कार्यशाळांच्या मुख्य सांध्याला त्यांचीच खास किल्ली लागते. खरेदीच्या वेळीच ती मागून घ्या, चिमट्याने फिरवलेला सांधा पुढचा गिऱ्हाईक लगेच ओळखतो.

पांढऱ्या थाळीत कडेने, निघाले त्याच क्रमाने भाग मांडा. स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याला निळा डिंक लावलेला असतो, जोर लावण्याआधी स्क्रूच्या डोक्याला गरम सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट टेकवा. सगळं अल्कोहोलने पुसा. परत जोडताना प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल. खोबरेल अजिबात नाही. थंडीत ते थिजतं, उन्हाळ्यात खवट आणि चिकट होतं, आणि भुगा धरून ठेवतं. सांध्याचा स्क्रू आवळताना पाव-पाव फेऱ्यांनी पुढे जा: ढिलेपणा जिथे संपतो आणि पातं अजून सहज खाली येतं, तो एकच बिंदू शोधायचा असतो. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला, आता दोन मिनिटं लागतात.

८. धार

सायकलचं चाक फिरवत गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी द्या, कात्री द्या, हा चाकू देऊ नका. कोरड्या वेगवान दगडावर बारीक कड क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. पात्याच्या काठावर निळसर झाक दिसली की ती कड गेली समजा.

एम३९०सारख्या पोलादात व्हॅनेडियमची फार कठीण कार्बाइडं असतात. साधा दगड त्यांच्यावरून नुसता घसरतो, हिऱ्याची भुकटी बसवलेला लागतो. तुला प्रांतातल्या वेन्योव गावचे हिऱ्याचे दगड रशियन मंडळी वापरतात, आणि इझेव्हस्कची टीएसप्रॉफ कंपनी कोन पक्का धरून ठेवणारं धार लावायचं यंत्र बनवते. एका चाकूसाठी यंत्र घेणं म्हणजे वाटीभर ताकासाठी म्हैस. ४०० (खरखरीत) आणि १००० (बारीक) या दोन दर्जांच्या हिऱ्याच्या पट्ट्या आणि जुना चामडी पट्टा एवढ्यावर माझं चालतं.

पद्धत थोडक्यात: दर बाजूला १७ ते २० अंश. कोन जमतोय का कळत नसेल तर धारेवर मार्करने काळं फासा, दोनदा घासा, आणि कुठलं काळं गेलं ते बघा. कडेपर्यंत गेलं तर कोन बरोबर. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याच्या पोटाला खरखरीत बर, म्हणजे घासून पलीकडे वळलेली धातूची बारीक कड, लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी चामड्यावर, पात्याची पाठ पुढे करून, दहा-बारा वेळा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा: सरसर गेला तर झालं, एका जागी अडला तर तिथेच बर शिल्लक आहे.

९. वापरा

कुरिअरची खोकी, दोरे, पेरू, हापूस, पाकिटं, एवढंच याचं आयुष्य. पात्याने स्क्रू फिरवायचा नाही, डबा उचकटायचा नाही. बारीक टोक लगेच तुटतं. चिकटपट्टीचा डिंक पात्यावर राहिला तर सॅनिटायझरने पुसा. फळ कापल्यावर नळाखाली धरा, पण नुसतं पातं, सांध्यात पाणी नको. कापून झालं की पुसून मगच मिटवा. काचेच्या कपाटात ठेवून मुहूर्ताला बाहेर काढणारे संग्राहक मी पाहिले आहेत, त्यांचे सांधे कधीच बसत नाहीत.

१०. दुसऱ्याला देताना

विकायचा असेल तर खोका, कागद आणि किल्ली सोबत असली की भाव नीट येतो. किती वेळा धार लावली, कधी खोलला, हे आधीच सांगून टाका. घेणारा ते पात्याच्या रुंदीवरून ओळखणारच असतो.

भेट द्यायचा असेल तर रशियन रिवाज लक्षात ठेवा. तिथे चाकू फुकट देत नाहीत, अशुभ मानतात. घेणाऱ्याने एखादं नाणं द्यायचं, म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो. मी वोर्स्माचा ९५ख१८वाला चाकू धाकट्या भावाला दिला तेव्हा हे सांगितलं. तो हसला, खिसे चाचपले, सुटे नव्हते, आणि म्हणाला, "दादा, यूपीआय चालेल?" चालत नाही. दुसऱ्या दिवशी दोन रुपयांचं नाणं घेऊन आला, मग चाकू दिला.